शाई वाळता वाळेना

अण्णा तिसऱ्यांदा पार्लरवालीच्या घरात जाऊन बसले, त्या दिवशी शाईवाल्यांनी मनाशी पक्कं केलं, की इमारतीच्या मजल्यांचे आकडे आता आपणच छापायचे.

अण्णा म्हणजे शाईवाल्यांचे सासरे. त्यांचा उभा जन्म भूमापन खात्यात गेला. साखळी टाकून त्यांनी लोकांना त्यांच्या हद्दी दाखवल्या, भावाभावांच्या भांडणात बांध कोणाचा ते ठणकावून सांगितलं, आणि आता म्हातारपणी त्यांना स्वतःचं दार सापडेना. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध धुकं येऊन बसलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यात इमारत अशी, की बिल्डरने एकच मजला बांधून बाकीच्या त्याच्या नकला काढल्या असाव्यात. सगळीकडे तेच तपकिरी दार, तोच वळणावरचा दिवा, तीच टवका उडालेली फरशी. पूर्वी कोणीतरी भिंतीवर मजल्यांचे आकडे रंगवले होते. पुसून पुसून त्यातला पाचव्याचा तेवढा उरला होता, आणि तोही सहासारखा दिसायचा.

लिफ्टवर अण्णांचा विश्वास नव्हता. "बटणं सगळी सारखीच लागतात हाताला," म्हणायचे. ते मजले मोजत जिन्याने चढत. पण वाटेत कोणी "काय अण्णा, कसं काय?" केलं, की त्यांना उत्तर द्यावंच लागे, आणि उत्तर देता देता मोजणी हातची जाई. मग चौथ्याऐवजी ते तिसऱ्यावर शिरत. तिसऱ्यावरच्या बाईंचं पुढच्या खोलीत पार्लर होतं, त्यामुळे दार दिवसभर उघडंच. अण्णा चपला काढत, खुर्चीत टेकत आणि आतल्या दिशेने म्हणत, "अगं, पाणी आण जरा."

पहिल्या दोन वेळा पार्लरवालीने पाणी दिलं आणि वर पोचवलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीत चेहऱ्याला हिरवा लेप लावलेली एक गिऱ्हाईक होती. अण्णांना कडेने तो हिरवा चेहरा दिसला. ते कळवळून म्हणाले, "पोरी, तुला बरं नाही का गं?" गिऱ्हाईक खदखदून हसली, लेपाला तडे गेले, पार्लरवालीला तो पुन्हा लावावा लागला. गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण संध्याकाळी मेहुण्याचा, म्हणजे अण्णांच्या मुलाचा, फोन आला आणि शाईवाल्यांच्या बायकोने ती मोठ्या हौसेने त्याला सांगितली.

मेहुणा हसला नाही. तो दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि फोनवरसुद्धा बैठकीत असल्यासारखा बोलायचा. "अण्णांना एकटं सोडणं बंद. मी येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो. एकतर पूर्ण दिवसाचा माणूस ठेवू, नाहीतर मी घेऊन जातो इकडे. आमचं तळमजल्यावरच आहे सगळं. बाहेर जायची गरजच पडणार नाही."

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी ऐकलं. वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि आपल्या खोलीच्या दारामागे नेऊन उभी केली. पुन्हा लागणार नाही अशी वस्तू ठेवावी तशी.

ते काठी ठेवणं शाईवाल्यांना बघवलं नाही.

शाईवाल्यांचं नाव इमारतीत कोणी घेत नसे. ते डब्यांची झाकणं, मलमांच्या ट्यूब, दुधाच्या बाटल्यांची बुचं छापणाऱ्या कारखान्यात शाईचं काम बघत, म्हणून शाईवाले. शाईवर त्यांचा जीव. जेवणाच्या टेबलावर विषय कुठूनही निघो, भाजीपर्यंत यायच्या आत तो शाईवर यायचा. त्या रात्री मात्र तो थेट शाईपासूनच सुरू झाला.

"अगं, आकडे नुसते दिसून उपयोग नाही. हाताला लागले पाहिजेत. उठावाचे. बोट फिरवलं की कळलं, तीन का चार."

"मग प्लास्टिकचे आणून चिकटवा," बायको म्हणाली.

"चिकटवलेलं निघतं. छापलेलं निघत नाही. आमची कॅटायनिक शाई आहे ना, ती धातूला अशी धरते, की झाकण उकळत्या पाण्यातून काढलं तरी हू की चू नाही."

"साधी शाई नाही का चालत?"

हा प्रश्न विचारायला नको होता, हे तिला विचारल्यावर कळलं. शाईवाल्यांनी घास खाली ठेवला. अतिनील दिव्याखाली वाळणाऱ्या साध्या शाईचं असं असतं, ते म्हणाले, की प्रकाश आहे तोवर ती काम करते, दिवा बंद की तिचं काम बंद. शिवाय वाळताना आकसते. जाड थर दिला तर पत्र्यावरून पापुद्र्यासारखी सुटते. ही तशी नाही. हिच्यावर प्रकाश पडला, की आतल्या आत थोडंसं आम्ल तयार होतं, आणि मग ते आम्ल एकेक कडी जोडत जातं. दिवा बंद केला तरी जोडतच राहतं. अंधारात ठेवली तरी आतून घट्ट होत जाते. आकसत जवळजवळ नाहीच. जाड आकड्याला हिच्यासारखी शाई नाही.

"दिवा बंद केल्यावर काम करणारं घरात एक तरी हवं होतं," बायको म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाईवाल्यांनी मॅनेजरांकडे शब्द टाकला. मॅनेजर भला माणूस. निळ्या शाईचा उरलेला डबा आणि प्रयोगशाळेतला जुना हातात धरायचा पाऱ्याचा अतिनील दिवा न्या म्हणाले. अडवलं ते फाटकावर.

"शाई परत येणारा माल आहे, की न येणारा?" पहारेकऱ्याने विचारलं.

"शाई कशी परत येईल? ती भिंतीवर जाणार."

"दिवा?"

"दिवा परत येणार."

"मग एका पासावर दोन्ही जाणार नाहीत. येणाऱ्याचा पिवळा, न येणाऱ्याचा गुलाबी." त्याने डबा हलवून पाहिला. "आणि उरली तर?"

"उरली तर परत आणतो."

"म्हणजे ती येणारी झाली. मग किती येणार ते आत्ता सांगा."

कारखान्यात ज्यांच्या शब्दावर अख्खी मशीन थांबत असे, ते शाईवाले फाटकापाशी डबा छातीशी धरून, किती शाई उरेल याचा अंदाज करत तास-दीड तास उभे राहिले. शेवटी काहीही उरणार नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. ते खरं होणार होतं, पण वेगळ्या रीतीने.

आता परवानगी. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीतला खिळासुद्धा आपल्याला विचारून भिंतीत शिरतो अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कार्यकारिणी बोलावली. शाईवाल्यांनी बेत मांडला, की आकडे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर छापायचे आणि पट्ट्या मजल्यामजल्यावर भिंतीला ठोकायच्या. आकडे हवेत यावर कोणाचंच दुमत नव्हतं, म्हणून चर्चा रंगावर गेली. एकाचं म्हणणं, भिंत क्रीम आहे, पट्ट्याही क्रीम करा आणि आकडेही क्रीम, म्हणजे शोभतील.

"मग दिसतील कसे?" शाईवाल्यांनी विचारलं.

"दिसायला हवेत हे मान्य. पण डोळ्यांवर येता कामा नयेत."

दुसरं, उंची. शाईवाल्यांना पट्टी जिन्याच्या कठड्याजवळ हवी होती, हाताला लागेल अशी. सेक्रेटरींच्या मते सूचनाफलक डोळ्यांच्या उंचीवर असायला हवा. "कोणाच्या डोळ्यांच्या?" यावर आणखी अर्धा तास गेला. त्यात शाईवाल्यांनी एक घोडचूक केली. ही शाई सुरक्षित आहे, तिला वास नसतो, खाण्याच्या डब्यांवर वापरतात, हे सगळं सांगून झाल्यावर, निव्वळ ज्ञानाच्या उमाळ्याने, ते म्हणाले, "प्रकाश पडला की हिच्यात आम्ल तयार होतं."

संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं, की शाईवाले जिन्यात ॲसिड ओतणार आहेत. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी पायपुसणं आत घेतलं. एका बाईने येऊन विचारलं, की ॲसिडने झुरळं मरतील का, मरत असतील तर आमच्या दारात थोडं जास्त ओता. शाईवाले दारोदार जाऊन सांगत फिरले, की ते आम्ल थराच्या आत, नजरेला न दिसण्याइतकं असतं. लोक मान हलवत होते आणि पाय मागे घेत होते. अखेर निळा रंग, कठड्याची उंची आणि "रहिवाशांच्या जीविताची जबाबदारी शाईवाल्यांची" या अटीवर परवानगी मिळाली.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून आणल्या. जाळीच्या चौकटीवर आकड्यांचे साचे तयार केले, त्या जाळीतून शाई पट्टीवर उतरणार होती. आता छापायचं कुठे? उजेड नको, कारण खिडकीतल्या उन्हानेही शाई जाळीतच धरली असती. घरात बिनखिडकीची एकच जागा, न्हाणीघर. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर शाईवाले काळा चष्मा आणि रबरी हातमोजे घालून आत शिरले आणि कडी लावली. रबराच्या पट्टीने शाई ओढली, आकडा उमटला, दिवा फिरवला, पुन्हा थर, पुन्हा दिवा. तासाभराने विजयी मुद्रेने बाहेर आले आणि पहिल्या पट्टीवर बोट टेकवलं. बोट रुतलं. काढलं तर शाईची तार आली, मधासारखी.

"वाळली नाही वाटतं," बायको म्हणाली.

"वाळेल. आतून काम चालू असतं तिचं."

दुपारी पाहिलं. काम चालू नव्हतं. शाईवाले खुर्चीत बसून विचार करायला लागले आणि मग हळूहळू लाल झाले. दमट हवेत ही शाई धरत नाही. त्यांच्याच कारखान्यात, त्यांनीच लिहून लावलेली मोठी पाटी होती, की छपाईच्या खोलीत पाण्याची बादलीसुद्धा आणू नये. त्या पाटीवरून त्यांनी आजवर किती जणांना झापलं असेल! आणि स्वतः मात्र तीन माणसांच्या आंघोळीच्या वाफेत शिरून, कडी लावून घेऊन, छापत बसले होते. ही गोष्ट त्यांनी घरात कोणाला सांगितली नाही. "पट्ट्यांचा दोष होता," एवढंच म्हणाले.

दुसरा प्रयत्न जिन्याच्या वरच्या टोकाला, गच्चीच्या बंद दाराशी. तिथे हवा कोरडी आणि उजेड नाही. दिव्याची वायर तिथल्या सॉकेटमध्ये घातली. दिवा जुना, पेटताना वीज गटागटा पिणारा. तो पेटला, आणि जिन्यातले सगळे दिवे गेले. पाठोपाठ लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते.

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस किती गोष्टी बोलू शकतो, हे त्या दिवशी इमारतीला कळलं. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत शाईवाले लिफ्टच्या जाळीशी वाकून "आत्ता येतोय, आत्ता येतोय," म्हणत राहिले. पार्लरवाली एका गिऱ्हाइकाचं डोकं तसंच टॉवेलात सोडून आली आणि जाळीतून सेक्रेटरींना हातपंख्याने वारा घालायला लागली.

"तुम्ही माझा नखांचा दिवा का नाही घेत?" ती शाईवाल्यांना म्हणाली. "पाच मिनिटांत कडक. एवढासा आहे, लिफ्ट पण पडत नाही बंद."

"तो प्रकाश वेगळा, ताई. या शाईला चालत नाही."

"शाई फारच नखरेल आहे हो तुमची."

सेक्रेटरी बाहेर आले ते घामाने भिजलेले आणि अधिकाराने फुललेले. यापुढे सोसायटीच्या विजेवर काहीही पेटणार नाही, आणि पुढच्या रविवारपर्यंत पट्ट्या लागल्या नाहीत तर परवानगी रद्द. नेमका मेहुणा येणार होता तोच रविवार. शाईवाले घरी आले. अण्णा खिडकीशी बसले होते. आठवडाभर ते बाहेर गेले नव्हते. नुसते खिडकीखालच्या रस्त्याचे आवाज ऐकायचे.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "राहू द्या. कशाला माझ्यापायी लोकांची बोलणी खाता?"

"अण्णा, आता हे तुमच्यापायी राहिलं नाही. आता माझं आणि शाईचं आहे."

हे अगदी खरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

तिसऱ्या प्रयत्नासाठी त्यांनी जेवणाची खोली ताब्यात घेतली. खिडक्यांना चादरी ठोकल्या, ओले कपडे गॅलरीत हलवले, चहासुद्धा शेजारून करून आणायला लावला. वेगळ्या वायरीने दिवा जोडला. काहीतरी हातभार लावावा म्हणून बायकोने सगळ्या पट्ट्या घासूनपुसून आरशासारख्या करून ठेवल्या. छपाई झाली. आकडे सुंदर उठले. पट्ट्या वाळायला म्हणून बाहेर जिन्याच्या कठड्यालगत मांडल्या आणि शाईवाले दोन घास खायला बसले.

तेवढ्यात अण्णा उठले. आकडे कसे झालेत ते बघावं, म्हणजे हाताने बघावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पट्टीवर अख्खा पंजा ठेवला. मग तोच हात कठड्यावर. मग वर येणाऱ्या सेक्रेटरींचा आवाज ऐकून, झाल्या प्रकाराची माफी मागावी म्हणून, त्यांनी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आपुलकीने थोपटलं. सेक्रेटरी पांढऱ्या शर्टात होते.

आरडाओरडा संपल्यावर शाईवाले रिकाम्या डब्याकडे बघत बसले. डब्याच्या तळाशी एक-दोन चमचे शाई. बायको अण्णांचा हात तेलाने पुसत होती आणि डोळेही पुसत होती. "एवढं स्वच्छ करून दिलं होतं मी," ती म्हणाली. "आरशाचं औषध मारून मारून."

शाईवाले एकदम उठले. त्यांनी एक पट्टी नाकाशी नेली. मग ओट्याखालची निळ्या पाण्याची बाटली काढून हुंगली. नाक झणझणलं.

"अमोनिया!"

"म्हणजे?"

"म्हणजे शाईतलं आम्ल जन्माला यायच्या आत मेलं. अमोनिया आम्लाला शिल्लक ठेवत नाही."

बायकोचा हात थांबला. "म्हणजे माझंच चुकलं."

इथे शाईवाल्यांना एक मोह झाला. दोष दुसऱ्याचा निघणं ही या सगळ्या प्रकरणातली पहिली सुखाची गोष्ट होती. पण तिच्या तेलकट हातात अण्णांचा निळा हात होता. त्यांनी मोह गिळला.

"तुझं कसं चुकेल? मी तुला सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा मी न्हाणीघरात वाफेत छापत बसलो होतो."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, आणि अण्णाही, आणि मग शाईवालेही, नाइलाजाने.

सोमवारी मॅनेजरांकडून दुसरा डबा आणला. या वेळी फाटकावर गुलाबी पासासाठी शाईवाल्यांनी वाद घातला नाही. पहारेकऱ्यालाच चुकल्यासारखं झालं. पट्ट्या आधी पाण्याने, मग स्पिरिटने पुसल्या, उन्हात कडकडीत तापवल्या, कापडात गुंडाळून आणल्या. छापल्या, दिव्याखाली धरल्या. वरून साय धरली. आत अजून मऊ होतं, पण ते मऊपण वेगळं होतं, हे शाईवाल्यांच्या बोटाला कळलं. त्यांनी पट्ट्या आपापल्या मजल्यांवर कठड्याजवळ ठोकल्या आणि प्रत्येकीशेजारी कागद लावला : "आतून वाळते आहे. हात लावू नये."

हात लावू नये असं लिहिल्यावर हात न लावणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सगळ्या इमारतीला दिवा बंद असताना वाळणारी शाई बघायची होती. पाचव्यावरचे आजोबा तासातासाला येऊन "झालं का?" विचारत. शाईवाल्यांनी रजा घेतली आणि जिन्यात खुर्ची टाकून राखण केली. ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात सेक्रेटरींनी तिसऱ्या मजल्यावरच्या आकड्याच्या पोटात, केवळ तपासणी म्हणून, अंगठा दाबला. दुसऱ्या दिवशी आकडे दगडासारखे झाले. शाईवाल्यांनी नाण्याने खरवडलं, दाभणाने टोचलं, उकळतं पाणी ओतलं. काही झालं नाही. सेक्रेटरींचा अंगठाही तिथेच राहिला, प्रत्येक रेघेसह.

रविवारी सकाळी मेहुणा आला. बॅग ठेवली, चहा घेतला आणि बैठक सुरू केली. "तर मग माणसाचं ठरवून टाकू."

अण्णा खोलीतून आले. हातात काठी होती. "मी पेपर घेऊन येतो," ते म्हणाले.

मेहुणा उठायला लागला. त्याच्या बहिणीने त्याचा हात धरून खाली बसवला. "बस तू. चहा संपव."

शाईवाल्यांनी चपला हातात घेतल्या आणि एक मजला अंतर ठेवून अनवाणी निघाले. अण्णा उतरले, कोपऱ्यावर गेले, पेपर घेतला, पेपरवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. परत आले. चढायला लागले. इमारतीतली बरीच दारं आज उगाचच किलकिली होती. पार्लरवालीने आपलं दार मुद्दाम लावून घेतलं होतं, पण आतली कुजबुज बाहेर ऐकू येत होती.

तिसऱ्यावर सेक्रेटरी समोर आले, आणि सवयीने बोलून गेले, "काय अण्णा, कसं काय?"

शाईवाल्यांनी खालच्या वळणावर कपाळावर हात मारला. गेली मोजणी!

"उत्तम," अण्णा म्हणाले. मग पाच मिनिटं आपल्या गुडघ्यांविषयी बोलले. सेक्रेटरी गेल्यावर ते क्षणभर थांबले. एक पाऊल दाराकडे टाकलं. शाईवाले एक पायरी वर सरकले. अण्णांचा हात कठड्यावरून सरकत भिंतीकडे गेला, पट्टीवर आला, सावकाश वळण घेत फिरला, आणि मध्येच थबकला.

"सेक्रेटरी," त्यांनी वळून खाली हाक मारली, "अंगठा फार दाबून लावलात हो. तीनच आहे ना हा?"

"तीनच, अण्णा," खालून ओशाळा आवाज आला.

अण्णा वर चढले. चौथ्यावर पट्टी शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आकड्यावरून दोनदा बोट फिरवलं, जमिनीची हद्द कायम करताना खुंट हलवून बघावा तसं. मग दाराकडे तोंड करून, मागे न वळता, हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, चपला घाला आता. फरशी गार आहे. आणि जरा थांबून या. मी आधी आत जातो."

त्यांनी घंटी दाबली. दार मेहुण्याने उघडलं.

"अण्णा! एकटेच आलात?"

"मग?" अण्णा म्हणाले. "मला काय घर माहीत नाही?"

दार लागलं. शाईवाले वळणावरच्या पायरीवर बसले, चपला घातल्या, आणि आत जाण्याइतका वेळ झाला असं वाटेपर्यंत तसेच बसून राहिले.